जुन्या संयुगात अतिसंवाहकता आढळली, तर पेटंट कशाचे मिळते?

प्रश्न
मॅग्नेशियम डायबोराइड 1950च्या दशकापासून ज्ञात होते आणि त्याची पूड रसायनविक्रेत्यांकडे मिळत असे. मात्र ते सुमारे 39 केल्विनला अतिसंवाहक होते, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे जपानमधील जुन आकिमित्सु यांच्या गटाने 2001 साली जाहीर केले. गुणधर्म जर कोणालाच ठाऊक नव्हता, तर संयुगावर पेटंट का मिळू नये?

पहिले उत्तर
गुणधर्म नवा होता, याबद्दल दुमत नाही. परंतु दावा, म्हणजे पेटंट अर्जात मागितलेला हक्क, जर पदार्थावर असेल, तर नावीन्य पदार्थाचेच तपासले जाते. बाटलीतल्या पुडीत तो गुण आधीही होताच, पुरेसे थंड करून तो कोणी मोजला नव्हता इतकेच. अमेरिकेतील ‘टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर’ (1985) या खटल्यात मिश्रधातूवरचा दावा तोच मिश्रधातू आधीच दाखवणाऱ्या एका जुन्या रशियन लेखातील आलेखामुळे टिकला नाही, आणि त्या लेखात अर्जदाराने शोधलेल्या गंजरोधकतेचा उल्लेखही नव्हता. निकाल कठोर वाटतो, पण मला तो योग्य वाटतो. अन्यथा विक्रीस असलेली वस्तू केवळ नव्या मोजमापाच्या जोरावर एकाच्या मालकीची झाली असती.

दुसरे उत्तर
यात एक भर घालतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने जी 2/88 या निर्णयात ज्ञात पदार्थाच्या नव्या तांत्रिक परिणामासाठीच्या वापरावरील दावा नवीन ठरू शकतो, असे मानले. भारतीय कायद्याचे कलम 3(ड) मात्र ज्ञात पदार्थाच्या नव्या गुणधर्माचा किंवा नव्या उपयोगाचा निव्वळ शोध वगळते. म्हणून दाव्याचा मसुदा करताना ‘मॅग्नेशियम डायबोराइड’ एवढेच न लिहिता धातूच्या नळीत पूड भरून ओढलेली तार, तिची उष्णताप्रक्रिया आणि ती संक्रमण तापमानाखाली (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो) राखणारी शीतनव्यवस्था असे मांडावे लागते. त्यानंतरही कल्पकतेची कसोटी, म्हणजे ही मांडणी त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणारी नव्हती ना, ही तपासणी उरतेच.

प्रश्नकर्ता
मग 1987च्या यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड या अतिसंवाहकाच्या पेटंटबाबत इतका दीर्घ वाद का झाला?

पहिले उत्तर
तेथे मुख्य प्रश्न ‘आधी कोणी’ हा होता. सुमारे 93 केल्विनला अतिसंवाहकता दाखवणारा पहिला नमुना हिरव्या व काळ्या प्रावस्थांचे, म्हणजे वेगवेगळ्या रचनेच्या घटकांचे, मिश्रण होता. त्यांपैकी काळी, म्हणजे यट्रियम, बेरियम व तांबे यांच्या 1:2:3 प्रमाणाची, प्रावस्था अतिसंवाहक होती. अमेरिकेत तेव्हा पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे, तर आधी शोध लावणाऱ्याला मिळत असे. त्यामुळे प्रतिस्पर्धी गटांच्या प्रयोगवह्यांतील तारखांना निर्णायक महत्त्व आले.