प्राप्तिकर नाही, म्हणून टेक्सस उत्तम?

एडिसनकर:
"जिथे राज्याचा प्राप्तिकर नाही, तेच राज्य राहण्यास उत्तम; न्यू जर्सीत राहणारे केवळ सवयीचे गुलाम आहेत," असे काल येथे लिहिले गेले, म्हणून हा प्रपंच. टेक्सस प्राप्तिकर घेत नाही, हे खरे; पण शाळा चालवायला पैसा लागतोच, आणि तो घरपट्टीतून वसूल होतो. मॅसॅच्युसेट्सने २००६ साली कायदा करून जवळपास सर्वांना आरोग्यविम्याखाली आणले, तर टेक्ससने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार आजवर नाकारला आणि विमा नसलेल्यांच्या प्रमाणात ते राज्य देशात पहिले आहे. किमान वेतन तेथे अजूनही २००९ सालचेच, ताशी ७.२५ डॉलर. आपल्यापैकी कोणी त्या दराने राबत नाही, म्हणून ते आपल्या हिशेबातही येत नाही.

ऑस्टिनवासी:
घरपट्टीवर न्यू जर्सीकराने बोलावे, हा विनोद बरा आहे! घराच्या किमतीच्या मानाने देशातल्या सर्वांत जड घरपट्ट्यांपैकी एक तुमच्याकडेच, वर प्राप्तिकर वेगळा. तिकडचे लहान घर विकून आम्हाला येथे तळमजल्यावर स्वतंत्र खोली असलेले घर मिळाले. माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. तिच्या लेखी जीवनमान म्हणजे ती खोली, तुमचे तक्ते नव्हेत.

फ्रीमाँटकर:
घरपट्टीचा विषय निघालाच आहे, तर कॅलिफोर्नियातला अन्यायही ऐका. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे घर विकले जाईपर्यंत त्याचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. परिणामी आमच्या शेजारचे गृहस्थ आमच्याहून मोठ्या घरासाठी आमच्या तुलनेत नाममात्र कर भरतात, आणि रस्ते सुधारत नाहीत म्हणून तक्रारही तेच करतात.

एडिसनकर:
आपल्या शेजाऱ्यांसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही नम्र विनंती.

फ्रीमाँटकर:
जीवनमान घरावाचून मोजता येते, असे आपले मत असेल तर आनंद आहे.

ह्यूस्टनची रहिवासी:
फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात मी तान्ह्या मुलाला घेऊन गाडीत हीटर लावून बसले होते, तेही गॅरेजबाहेर, कारण आत गाडी चालू ठेवून लोक मेले. सरकारी मोजदादीनुसार त्या वादळाने राज्यात २०० हून अधिक बळी घेतले. बहुतांश टेक्ससचे ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याचे जाळे, शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ तोडून ठेवलेले असल्याने बाहेरून पुरेशी वीज आणताच आली नाही. हे स्वातंत्र्य ऑस्टिनवासींनी कोणत्या रकान्यात धरले आहे?

ऑस्टिनवासी:
ग्रिड वाईट आहे, मान्य, झाले समाधान? आम्ही जनरेटर घेतला, आणि तुमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका वर्षाच्या घरपट्टीहून तो स्वस्तच पडला.

एडिसनकर:
ज्याला जनरेटर परवडतो, त्याला कोणतेही राज्य परवडते.

फ्रीमाँटकर:
जनरेटरचे असो. प्रपोझिशन १३ वर अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही.