मदत हवी आहे: खेळातल्या गेलिक नावांचे उच्चार

दर शनिवारी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो. खेळ चालवायचं काम माझ्याकडे असतं. या वेळची मोहीम, म्हणजे खेळातली गोष्ट, आयरिश पुराणकथांवर बेतली आहे आणि त्यातली गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या भाषांतली) नावं वाचताना मी अडतेय.

थोडं शोधून कळलं ते असं: आयरिशमध्ये ‘एमएच’ आणि ‘बीएच’चा बहुधा व होतो, ‘ई’ किंवा ‘आय’लगतचा ‘एस’ म्हणजे श. म्हणून ‘एनआयएएमएच’ ही नीव, आणि ‘एसआयडीएचई’, म्हणजे पऱ्यांचे लोक, याचा उच्चार नुसता शी. बॅनशीतला (आयरिश कथांतली मृत्यूची चाहूल देणारी भूतबाई) शी तोच! मागच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर त्याला ‘सिधे’ म्हणाले होते. हिवाळ्याच्या तोंडावरचा आयरिश सण सॅमहेन नव्हे, साउइन, हेही आत्ताच कळलं. आपणही चंद्र आणि चाक यांतला च वेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. तसे त्यांचेही नियम आहेत, हे पटलं.

अडलंय ते इथे: ‘सीएओआयएमएचई’ या नावाला कुणी कीवा म्हणतं, कुणी क्वीवा. हा प्रांताप्रांताचा फरक आहे का? आयरिश कथांतला वीर कू खुलिन, त्याच्या नावातला ख आपल्या ‘खूण’सारखा, की उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घासून? आणि स्कॉटिश गेलिक नावांना हेच नियम चालतील का?

आयर्लंड किंवा स्कॉटलंडमध्ये राहणारं कुणी असेल, तर प्लीज देवनागरीत लिहून सांगा. येत्या शनिवारी नीव राणीचा प्रवेश आहे, तिचं नाव तरी नीट घ्यायचंय.