अमोनिया इंधन म्हणून साठवायला एवढं घाबरायचं कशाला?

दर्यावर्दी: अमोनियात कार्बनच नाही, त्यामुळे जाळला तरी कार्बन डायऑक्साइड निघत नाही. हायड्रोजन द्रव ठेवायला उणे २५३ अंश लागतात, अमोनियाला उणे ३३ पुरे. खतवाले हजारो टनांच्या टाक्या वर्षानुवर्षं सांभाळतायत, आपला अलिबागजवळचा थळचा खतकारखानाच बघा ना. २०२४ मधे सिंगापूरला जहाजात इंधन म्हणून भरूनसुद्धा झाला. मग अडतंय कुठे?

बर्फवाला: दादा, मी १८ वर्षं बर्फाच्या कारखान्यात फिटर आहे, तिथे थंडाव्यासाठी अमोनियाच फिरतो. गंधकाची वात पेटवून जॉइंटपाशी फिरवायची, पांढरा धूर दिसला की लीक तिथेच. एकदा रात्री कॉम्प्रेसरची ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) सुटली, डोळे उघडेनात, श्वास अडकला, ओला टॉवेल तोंडाला बांधून भिंत चाचपत कसाबसा बाहेर आलो, आणि तो तर किरकोळ गॅस होता. १९९२ ला सेनेगलमधे डाकारला एक टँकर फुटला, २२ टन अमोनिया, शंभराच्या वर माणसं गेली. हे तुम्ही गावोगावी ठेवणार?

दर्यावर्दी: तो टँकर दाबाखालचा होता, क्षमतेपेक्षा जास्त भरलेला आणि आधी वेल्डिंग करून दुरुस्त केलेला. थंड टाकीत दाब जवळपास हवेइतकाच असतो, फुटली तरी तसा स्फोट होत नाही. म्हणून मी म्हणतो, मोठा साठा करायचा तर थंडच करा.

केमिकल_काका: थंड म्हणजे सेफ असं नाही हो. १९८९ ला लिथुआनियात योनाव्हाला थंड टाकीच होती, तळाशी गरम अमोनिया गेला, दाब एकदम वाढला, टाकी पायावरून सुटली आणि बाजूची काँक्रीटची भिंत तोडून गेली. ७ जण गेले. आणि अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून वर उडून जाईल ही समजूत डोक्यातून काढा, गार गळतीचा ढग थेंबांसकट जमिनीला चिकटून सरकतो. पाण्याचा फवारा त्या ढगावर मारायचा, साचलेल्या द्रवावर नाही, नाहीतर उकळून अजून गॅस सुटतो.

दर्यावर्दी: मान्य काका, पण योनाव्हात दाब सोडणारा व्हॉल्व्ह त्या लोडला पुरला नाही. व्हॉल्व्ह, फ्लेअर (जादा गॅस जाळून टाकणारी चिमणी), दुहेरी भिंत यात एक पैसा वाचवायचा नाही, हे मीही म्हणतो.

बर्फवाला: बंदरात, शिकलेल्या माणसांच्या हाताखाली, थंड टाकी असेल तर माझी ना नाही. हायवेवरच्या पंपावर मात्र कधीच नको. आणि बंदराशेजारच्या वस्तीला वारा बघून त्याला आडवं पळायचं हे टाकी भरायच्या आधी शिकवणार कोण, ते सांगा.