दालनातला आवाज: लोक कशामुळे थांबतात, कशामुळे निघून जातात? (अनुभव धागा)

नाशकात ध्वनिकलेचं किंवा व्हिडिओ मांडणीचं प्रदर्शन लागतं ते बहुतेकदा चित्रांसाठी केलेल्या हॉलमध्ये, नाहीतर जुन्या वाड्यात. चित्र चालता चालताही दिसतं. आवाजाला थांबावं लागतं, आणि प्रेक्षक थांबतो की नाही हे बरंचसं मांडणीवर ठरतं. ज्यांनी अशी दालनं लावली, सांभाळली आहेत त्यांनी नेमकं लिहावं: काय, कुठे, किती अंतरावर, आणि काय बिघडतं.

तारमास्तर

रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. ती मागे रेंगाळली तर निवेदन किंवा मुलाखत असलेलं काम (कलाकृती) तिथे स्पीकरवर कळणार नाही. प्लास्टरच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि काचेची दारं असली की शब्दांतली व्यंजनं आधी हरवतात. आत कोणीतरी बोलतंय एवढंच प्रेक्षकाला कळतं आणि तो पुढे सरकतो. मग संयोजक आवाज वाढवतात. त्याने घुमणंही तेवढंच वाढतं. त्याऐवजी स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ आणा, दीड-दोन मीटरवर. बाक असेल तर जमिनीपासून सव्वा मीटर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या कानाशी. समोरच्या भिंतीवर जाड लोकरीची घोंगडी चुण्या पाडून टांगा आणि मागे १० सेंटीमीटर पोकळी सोडा. भिंतीला चिकटवलेली घोंगडी फारसं काम करत नाही. अंड्यांचे ट्रे लावूच नका. उपयोग नगण्य, आणि ते पेट घेतात.

खर्ज (खालचा, जाड आवाज) मात्र घोंगडीला जुमानत नाही. ५० हर्ट्झची लहर जवळपास ७ मीटर लांब असते. नाशिक ढोलाचं ध्वनिमुद्रण एका खोलीत लावलं आणि शेजारी कुजबुजीचं काम असलं, तर कुजबुज संपलीच. सबवूफर (खर्जाचा स्पीकर) कोपऱ्यातून बाहेर काढा (कोपरा खर्ज फुगवतो), खाली जाड रबर द्या. तरीही जमलं नाही तर वेळा वाटून घ्या: ढोल दर अर्ध्या तासाला एकदा, वेळ दारावर लिहून. मोबाइलवरचं डेसिबल ॲप (आवाजाची पातळी मोजणारं) 'ए' या मोजपद्धतीवर असेल तर खर्ज कमी दाखवतं. 'सी' वर ठेवून मोजा.

जुनं नाशिक

वरच्या सगळ्याशी सहमत, पण प्रत्येक जागा मुकी करायची गरज नाही. जुन्या वाड्यांतली लाकडी तुळयांची, मातीच्या भिंतींची खोली मुळातच बोलण्याला बरी असते. तांबट लेनसारख्या गल्लीतली भांडी ठोकण्याची ठोक आत येत असेल तर ती बंद करण्यापेक्षा शांत, विरळ काम तिथे लावू नका, एवढंच. पांडवलेण्यातल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात उभं राहून बोलून पाहा: लांब स्वर फुलतो, भरभर बोललेलं वाक्य चिवडलं जातं. जागेला काय मानवतं ते असं कळतं. (तिथे काही लावायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.)

अनेक स्पीकरची मांडणी असेल तर एकच आवाज सगळ्यांतून सोडू नका. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. १२ मीटरवरचा दुसरा स्पीकर ३५ मिलिसेकंद मागून ऐकू येतो, आणि तिथून पुढे प्रतिध्वनी जाणवू लागतो. कॅनडाच्या ध्वनिकलाकार जॅनेट कार्डिफ यांच्या २००१च्या मांडणीत ४० स्पीकर आहेत आणि प्रत्येकातून एकच गायक. म्हणून तिथे लोक मधोमध उभे राहून सगळं ऐकतात, मग एकेका स्पीकरशी कान नेतात. प्रेक्षकाला चालण्याचं कारण मिळालं पाहिजे.

दालनसेविका

माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय बाक. बसलेला माणूस टिकतो. दारावर मोठ्या अक्षरांत कालावधी लिहा: '७ मिनिटं, कुठूनही ऐका' किंवा 'सुरुवातीपासून पाहा, पुढची फेरी ४.२०'. हे नसेल तर लोक पडदा बाजूला करून डोकावतात, मध्यावरचा तुकडा पाहतात आणि परततात. अंधाऱ्या खोलीत शिरताना डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. पायरीवर मंद दिव्याची पट्टी हवीच, नाहीतर आजी-आजोबा उंबऱ्यावरूनच मागे फिरतात.

हेडफोन एकच ठेवू नका. आपल्याकडे लोक जोडीने, घरच्यांबरोबर येतात. एकाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी उभं राहायचं, असं झालं की दोघंही निघतात. साधा स्प्लिटर लावून दोन हेडफोन द्या, पण एकाच मॉडेलचे. वेगवेगळे घेतले तर एकात आवाज मोठा, दुसऱ्यात बारीक येतो. 'घालून ऐका' अशी पाटी लावा. हात लावला तर चालेल का, या शंकेनेच पुष्कळ जण थांबत नाहीत. हेडफोनच्या कृत्रिम चामड्याच्या गाद्या स्पिरिटने वारंवार पुसल्या की तडकतात. कापडी कव्हर घाला, रोज बदला.

फ्यूजवाला

फायली एमपी३मध्ये देऊ नका. त्यात पुढे-मागे बारीक शांतता चिकटते आणि लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) फिरताना दर वेळी खाच ऐकू येते. डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनिफाइल) घ्या. प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय (छोटा संगणक) असेल तर संध्याकाळी मेन स्विच पाडून बंद करू नका, मेमरी कार्ड खराब होतं. आधी नीट शटडाऊन, मग वीज. वीज गेली-आली तर आपोआप सुरू होईल असं सेट करा. प्रोजेक्टरचं 'ऊर्जाबचत' बंद करा. ५० हर्ट्झची गुरगुर आली तर प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्या, लांब वायर एक्सएलआर (तीन पिनांची, गुरगुर कमी पकडणारी) करा, दिव्यांच्या डिमरची लाइन वेगळी ठेवा. अर्थिंगची पिन कापून गुरगुर घालवणारे भेटतात. ते जिवावर बेततं.

शांताराम

ऐकू न येणाऱ्यांसाठी: १८ मिलिमीटर प्लायच्या बाकाखाली कंपन देणारा ट्रान्सड्यूसर स्क्रूने आवळा (डिंकाने चिकटवलेला काही दिवसांत सैल होऊन खरखरतो) आणि त्याला फक्त खर्ज द्या. सोबत शब्दांची मराठी छापील प्रत.

आणि दालनातल्या सुरक्षारक्षकाचा विचार करा. तोच लूप दिवसभर ऐकणारा माणूस दुपारनंतर आवाजाचा नॉब खाली करतो, आणि त्याचं काही चुकत नाही. नॉबला कुलूप घालण्याआधी लूपमध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवा, रक्षकाची जागा दर दोन तासांनी बदला.