अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटली लावायची की वाटी-बोंडल्यावर भागवायचं?

(मंचावरचा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणारीचं टोपणनाव.)

साय-साखर

"रजा संपायला आठ दिवस उरलेत, बाळ बाटली तोंडात धरत नाही, काय करू?" हा प्रश्न सतत येतो आणि त्यावर "भूक लागली की पिईल झक मारत" हे उत्तरही सतत येतं. माझ्या मते दोन्ही उशिराच्या गोष्टी. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत आई कामावर जाणार असेल, तर बाटली चौथ्या ते सहाव्या आठवड्यात लावावी. त्याआधी नको, कारण आईचं दूध आणि बाळाचं लुचणं दोन्ही अजून बसलेलं नसतं. फार पुढेही नको. पहिले दोन-तीन महिने तोंडात काही आलं की चोखणं आपोआप होतं, नंतर ते बाळाच्या मर्जीवर जातं. आणि मर्जी आली की नकारही आला.

सुरुवात दिवसातून एकदा, ३० मिली काढलेल्या दुधाने. जास्त घेऊ नका, पहिल्या काही दिवसांत निम्मं वाया जातं आणि जीव हळहळतो. अंगावर पिऊन तास-दीड तास झालेला असावा, बाळ जागं आणि खुशीत असावं. भुकेनं आकांत करणाऱ्या बाळाला नवी वस्तू शिकवता येत नाही. पाजणारी व्यक्ती आई नसावी आणि आई तेवढ्यापुरती घराबाहेर असलेली बरी.

बाळाला जवळजवळ बसतं धरा, मान कोपराच्या घडीवर. निपल वरच्या ओठाला टेकवून थांबा. जांभईसारखं मोठं तोंड उघडलं की निपल रुंद बुडापर्यंत आत जाऊ द्या. बाटली आडवी, निपल अर्धंच भरलेलं. वीसेक वेळा चोखून झालं की बाटलीचं बूड खाली करायचं, म्हणजे निपल तोंडातच राहतं पण दूध थांबतं. अंगावर पितानाही पान्हा सलग वाहत नाही, हे लक्षात ठेवा. ६० मिलीला पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत संपली तर "किती भूक होती बाई!" म्हणून कौतुक करू नका, निपल बदला.

घाटावरची

शेवटच्या दोन ओळी सोन्याच्या, पण त्याच तुमच्या मताविरुद्ध जातात. एवढं सगळं नीट कोण करणार? पाळणाघरातल्या मावशींकडे चार बाळं असतात. त्या बाटली उभी करतात, कधी उशीला टेकवून ठेवतात. उभ्या बाटलीतून दूध न चोखताही गळतं, बाळाला गिळण्यावाचून गत्यंतर नसतं. ९० मिलीत भागणारं बाळ १५० मिली पितं आणि सगळे म्हणतात, "आईचं दूध पुरत नव्हतं." मग पावडरच्या दुधाचा डबा येतो.

संध्याकाळी तेच बाळ अंगावर घेतलं की पान्हा फुटायला लागणाऱ्या एका मिनिटात चिडून पाठ ताठ करतं. लोक म्हणतात बाळाचा निपलशी गोंधळ झाला. बाळाचा गोंधळ वगैरे काही नसतो, त्याला कुठे पटकन मिळतं ते पक्कं कळलेलं असतं!

आपल्याकडे बोंडलं होतंच की. स्टीलचं, चोचीचं, एका पितांबरी हातात स्वच्छ. बाटलीचे भाग मोजा: बाटली, निपल, कडं, टोपण, वर हवेची झडप. प्रत्येक वेळी सुटे करून ब्रशने घासायचे, निपल उलटं करून घासायचं, मग पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायचे. कड्याच्या आट्यांमध्ये सायीचा थर बसतो तो वरून दिसत नाही. पावसाळ्यात पहिली हगवण तिथून येते.

आठ चौदाची कर्जत

घाटावरची, गणित करू. आई सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा बाहेर, म्हणजे दहा तास. एक ते सहा महिन्यांचं निव्वळ अंगावरचं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली पितं, म्हणजे तासाला ३० मिलीच्या आसपास. दहा तासांना ३०० मिली, वर एक ६० मिलीची राखीव. ९० मिलीची एक वेळ म्हणजे चहाचे अठरा चमचे. दिवसात साधारण चार वेळा. त्यात सांडणार किती? आईने ऑफिसच्या स्टोअर रूममध्ये पंख्याशिवाय बसून काढलेलं दूध झबल्यात जिरलेलं कुणाला परवडतं?

आणि बोंडल्याला एवढं सोवळं समजू नका. पाय लांब करून त्यावर बाळ आडवं घ्यायचं, गालात चोच खुपसायची आणि ओतायचं, ही पद्धत अजून आहे. काही घरी तर बाळाने तोंड उघडावं म्हणून नाक दाबतात. दूध श्वासनलिकेत जायला तेवढं पुरे.

घाटावरची

ओतायचंच नसतं, चूक तिथेच आहे. बाळ बसतं, अंगाभोवती दुपटं गुंडाळून हात आत, नाहीतर पहिला फटका वाटीला. वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरा. कड खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल एवढीच कलती करा. लहान बाळ जिभेने चाटून घेतं, मोठं सुरुक करून पितं. वेग बाळाचा, आपण फक्त वाटी धरायची. दोन-तीन दिवसांत हात बसतो, सांडणंही कमी होतं. चमचा मोजायचा प्रश्न येत नाही, कारण चमचा लागतच नाही.

अजून एक. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येतात. शेवटपर्यंत काम करणं झेपलं आणि सगळी रजा नंतर घेतली, तर कामावर जाताना बाळ सहा महिन्यांचं. तेव्हा वरचं खाणं सुरू होतं आणि छोट्या वाटीतून किंवा पेल्यातून ते झकास पितं. मग बाटली लावायची आणि वर्षाने तीच सोडवायला रडारड करायची, हा उद्योग कशाला?

साय-साखर

सहा महिन्यांबद्दल मान्य, म्हणून तर सुरुवातीलाच "सहा महिन्यांच्या आत" लिहिलं. पण ८ आठवडे आधीच संपले तर उरतात १८, म्हणजे बाळ चार महिन्यांचं. दोन मुलं असून तिसरं झालं तर रजा एकूण १२ आठवडेच. कंत्राटावरच्या बाईला तर हातात पडेल ती रजा. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाता यावं, असंही कायदा म्हणतो. किती जणींच्या ऑफिसात आहे, हात वर करा.

ताकभात

जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपानाच्या दहा पायऱ्यांचा दाखला दोन्ही बाजूंनी यायच्या आत सांगून टाकते. १९८९ च्या यादीत "कृत्रिम निपल देऊ नका" असं होतं. २०१८ मध्ये ती पायरी बदलून बाटली, निपल, चोखणी यांचा वापर आणि धोके आईला समजावून सांगा, अशी केली. म्हणजे बंदीवरून समजावण्यावर आले. घाटावरची यांचा धाक जुन्या यादीतला आहे, पण साय-साखर यांनी धोके सांगायला घाटावरचीची वाट पाहायला नको होती.

आता नकाराबद्दल, कारण शोधत येणाऱ्या बहुतेकींचं बाळ पाच आठवड्यांचं नसतं, चार महिन्यांचं असतं. आधी दूध चाखून बघा. काहींच्या दुधात लायपेज हे पाचक द्रव्य जोरात असतं आणि साठवलेलं दूध काही तासांनी साबणासारखं लागतं. दूध नासलेलं नसतं, पण बाळ थुंकतं. खूण सोपी: ताजं काढलेलं पितं आणि फ्रिजमधलं नाकारतं. उपाय म्हणजे काढल्याबरोबर पातेल्यात कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही, आणि भांडं लगेच गार पाण्यात ठेवायचं. साठवल्यावर तापवून उपयोग नाही, चव आधीच गेलेली असते.

मग निपल. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळतंय, भुवया वर गेल्यात, बोटं फाकलीत, ठसका लागतोय: धार मोठी आहे. निपल नुसतं चावतंय, ओढून चिडतंय: धार लहान आहे, किंवा कडं इतकं आवळलंय की हवा आत जात नाही आणि निपल चपटं होतंय. कडं पाव आटा सैल करून बघा. कित्येकदा नवं निपल आणायची वेळच येत नाही.

एका प्रयत्नाला दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. तोंडात कोंबलेली बाटली बाळ आठवडाभर विसरत नाही.

वऱ्हाडी ऊन

दूध साठवायच्या तक्त्यात "खोलीच्या तापमानाला चार तास" लिहिलेलं असतं. ती खोली २५ अंशांची. नागपूरच्या मे महिन्यातली नव्हे! आमच्याकडे काढलं की थेट फ्रिज, नाहीतर गोठवलेले बर्फाचे पॅक घातलेली पिशवी. तिच्यात चोवीस तास राहतं. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही आतल्या बाजूला, दाराच्या कप्प्यात नाही. फ्रीझरमधलं सहा महिन्यांच्या आत संपवा. वितळवलेलं चोवीस तासांत, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत प्यायलं तर ठीक, नाहीतर टाका. ताजं कोमट दूध गार साठ्यात ओतू नका, आधी गार होऊ द्या.

गरम करायला तांब्यात कढत पाणी आणि त्यात बाटली. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून कोमट लागतं आणि मधे चटका बसतो. वर साय आली म्हणून घुसळू नका, बाटली हाताने गोल फिरवली की मिसळते.

घाटावरची

ठीक आहे, बाटलीच लावणार असाल तर निदान हे करा. बाळ जेवढ्या वेळा बाटली पितं तेवढ्या वेळा आईने काढलं पाहिजे, दहा तासांत तीनदा तरी. हे चुकलं की पंधरा दिवसांत दूध आटतं आणि खापर बाटलीवर फुटतं. दूध काढायच्या पंपातून अचानक कमी यायला लागलं तर मेथीचे लाडू वळायच्या आधी त्याची रबरी झडप उजेडात धरून बघा. बारीक चीर असते. आणि पंपाचं स्तनावर बसणारं फनेल स्तनाग्राच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. पंपाबरोबर आलेलं चोवीस मिलिमीटरचं सगळ्यांना बसत नाही.

(कुठली बाटली घेऊ, हे इथे विचारू नका. या वस्तूंच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि "मला ही लाभली" हीसुद्धा जाहिरातच.)

आठ चौदाची कर्जत

आणि काहीच जमलं नाही तरी बाळ उपाशी मरत नाही. काही बाळं दिवसभर ६०-९० मिलीवर काढतात आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अंगावर पिऊन भरपाई करतात. आईची झोप जाते, पण वजन चढत असतं. चोवीस तासांत सहा लंगोट नीट ओले होत असतील तर धीर धरा. कमी होत असतील किंवा बाळ मलूल पडत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, धागा नंतर वाचा.

साय-साखर

वाटी की बाटली हे मावशींनाच विचारा, पाजणार त्या आहेत. मात्र विचारायच्या आधी दोन दिवस त्यांच्यासमोर पाजून दाखवा, आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ आणि मिली लिहा. रुजू व्हायचा दिवस हातात असेल तर सोमवार घेऊ नका, गुरुवार घ्या. दोन दिवसांत काय बिघडतंय ते कळतं आणि मग शनिवार-रविवार मिळतो.