प्रति: लिंटरच्या वॉर्निंग बंद करून टाकू का?
वर तुम्ही विचारलंय की फ्लेकएटच्या (पायथनचा कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या लिंटरच्या) सगळ्या वॉर्निंग बंद केल्या तर काय बिघडतं, प्रोग्राम तर चालतोच. सरसकट बंद करू नका, आधी त्या निवडून बघा.

ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब झाली, ही तक्रार २००१ सालच्या पेप ८ मधली, म्हणजे पायथन कसं लिहावं याच्या नियमावलीतली. टीमने ठरवून ती मर्यादा खुशाल वाढवा, पेप ८ स्वतःच ९९ पर्यंत मुभा देतो. पण ‘व्हेरिएबलला किंमत दिली, वापरलं कुठेच नाही’ ही एफ८४१ वॉर्निंग निराळी. आम्ही इथे नाशिकला द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी वजन-बिलाचं सॉफ्टवेअर लिहितो. एका फंक्शनमध्ये रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून ‘निव्वळ_वजन’ काढलं होतं आणि पुढच्याच ओळीत दराने गुणलं होतं ‘एकूण_वजन’. रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्यांनी कोड तपासताना, दोघांच्या नजरेतून ते सुटलं, लिंटरने ओळ क्रमांकासकट दाखवलं. नाहीतर प्लास्टिकच्या क्रेटचेही पैसे द्राक्षाच्या भावाने लागले असते!

एरर पकडायला, पण कुठली ते न सांगता लिहिलेल्या नुसत्या ‘एक्सेप्ट’चंही तेच. तो प्रोग्राम थांबवायला दाबलेलं कंट्रोल-सी सुद्धा गिळून टाकतो.

जुन्या प्रोजेक्टमध्ये वॉर्निंगचा ढीग बघून हातपाय गळतात, हे खरंय. तिथे ब्लॅक (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल) एकदाच चालवा आणि त्याचा कमिट, म्हणजे बदलांची नोंद, वेगळा ठेवा, म्हणजे खरे बदल त्यात हरवत नाहीत. एखादी वॉर्निंग गप्प करायचीच असेल तर त्या ओळीच्या शेवटी कॉमेंटमध्ये ‘नोक्यूए’ लिहून पुढे तिचा नंबरही लिहा. नुसतं नोक्यूए लिहिलं की त्या ओळीवरच्या सगळ्याच दडतात.