कास: फुलांचे नाही, जमिनीचे फोटो काढा
साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फोटोंबद्दल कुणीतरी लिहिलंय की माणसं फ्रेममधे आली की लँडस्केप बिघडतो म्हणून पहाटेच जायचं, मला हे अजिबात पटत नाही. कास पठार २०१२ मधे पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं, आणि गर्दी ही आता त्या पठाराचीच गोष्ट आहे, ती कापून काढलेला फोटो खोटा वाटतो मला. मी चार वर्षं दर सप्टेंबरमधे एकाच दगडापाशी उभा राहून तीच फ्रेम घेतली. पहिल्या फोटोत सीतेची आसवं नावाच्या फुलांच्या जांभळ्या गालिच्यातून एक बारीकशी पाऊलवाट आहे, चौथ्यात तीच वाट हातभर रुंद झालीये आणि कडेला, लोक सेल्फीला बसतात ना, तिथे गोल गोल टक्कल पडलंय, खालचा जांभा दगड उघडा. माती तिथे मुळातच जेमतेम थरभर, ती एकदा पायाखाली दाबली गेली की पुढच्या पावसात तिथे काही उगवत नाही हो, फार जीव तुटतो बघताना.